चौकोनबाईंचा शेरा

मोठी माणसं नावं ठेवतात ती पाठीमागे. लहान मुलांनी ठेवलेलं नाव मात्र थेट तोंडावर येतं. बाईंना 'चौकोनबाई' हे नाव एका साडेपाच वर्षांच्या मुलीनं ठेवलं, तेही भर रस्त्यात, आईचं बोट धरून जाताना. "आई, ती बघ चौकोनबाई." आई ओशाळली. बाई मात्र दिवसभर खुशीत होत्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि दिवसाकाठी मोजकंच बोलायचा. तो म्हणाला, "बरं झालं, त्रिकोणबाई नाही म्हणाली."

बाईंचं काम असं होतं : शाळेत पाऊल टाकण्याआधी प्रत्येक मुलाला तपासणी केंद्रात आणावं लागे. केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. एकीत कारकून, दुसरीत साहेब, तिसरीत बाई. बाईंच्या खोलीत गुडघ्याएवढं टेबल आणि दोन बुटक्या खुर्च्या. समोर मूल बसायचं तसल्याच खुर्चीवर बाईही बसत, आणि सव्वीस वर्षं अशा बसल्यामुळे त्यांचे गुडघे वयाच्या आधीच म्हातारे झाले होते. मुलाला कागद द्यायचा, पेन्सिल द्यायची आणि समोर धरलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यावरची आकृती तशीच्या तशी काढायला सांगायची. आधी गोल, मग फुली, मग चौकोन, मग त्रिकोण. त्यानंतर दोरीत दहा मणी ओवायचे, कात्रीनं रेघेवरून कागद कापायचा, आणि शेवटी बाईंनी टाकलेला चेंडू झेलायचा.

यातला चौकोन बाईंच्या खास मर्जीतला. गोल काय, तीन वर्षांचं पोरही काढतं. हात सुरू झाला की फिरत फिरत जिथून निघाला तिथे येतो. चौकोनाला चारदा थांबावं लागतं, थांबून वळावं लागतं. ज्याला नुसतं पळता येतं त्याला चौकोन जमत नाही, असं त्या आयांना समजावून सांगत. डोळ्यानं पाहिलं ते हाताला कळलं पाहिजे, आणि हातानं काय केलं ते डोळ्यानं तपासलं पाहिजे. या दोघांचं जमलं नाही, तर मूल कितीही हुशार असो, पाटीवर त्याची अक्षरं पावसात भिजलेल्या कोंबड्यांसारखी उभी राहतात.

आणि नाही जमलं तर बाई घाबरवत नसत. आईला घरचा अभ्यास देत. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मुलाला काढू-लावू द्या. एका तांब्यातून दुसऱ्या तांब्यात पाणी ओतू द्या, सांडलं तर पुसूही त्यालाच द्या. जुने कागद फाडू द्या, त्याचे बोळे करून बादलीत टाकू द्या. भिंतीवर मोठा कागद चिकटवा आणि उभ्यानं रेघोट्या मारू द्या. दोन महिन्यांनी परत आणा. दहांतली आठ मुलं दोन महिन्यांनी चौकोन काढत, आणि आया बाईंकडे अशा बघत जणू बाईंनी पोराला नवा हात बसवून दिला.

तपासणीच्या छापील नमुन्यात नसलेली एक गोष्टही बाई करत. डोळे तपासणारा माणूस निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरलीच गेली नव्हती. म्हणून बाईंनी आपली युक्ती काढली. कोटाचं एक मोठं बटण हातात धरून त्या चार पावलं लांब उभ्या राहत आणि मुलाला एकेक डोळा झाकून विचारत, भोकं दोन की चार? मग बटण बदलत. ज्याला सांगता येईना त्याला आकृत्या काढायला बसवायचंच नाही, आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडायचं. वर्षाकाठी पंधरा-वीस मुलं अशी निघत.

मग नवे साहेब आले. वय बत्तीस, दाढी कोरलेली, बोलणं गोड. माणूस वाईट नव्हता. कामाच्या ढिगाखाली दबलेला होता आणि ढीग लवकर उपसायचा एवढंच त्याला शिकवलेलं होतं. त्यानं हिशेब मांडला, एका मुलाला बारा मिनिटं. बाईंना वीस लागत. साहेब एक दिवस खोलीत येऊन कोपऱ्यात उभे राहिले, तपासणी बघितली आणि मूल गेल्यावर विचारलं, "बाई, ते बटण कुठल्या पानावर आहे?"

बाईंनी सांगितलं, कुठल्याच नाही, पण उपयोगाचं आहे.

"उपयोगाचं असेलच. पण पानावर नाही ना. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?"

बाई त्या दिवशी भांडल्या. दुसऱ्या दिवशी थोड्या कमी. तिसऱ्या दिवशी बटणं टेबलाच्या खणात गेली. पुढे हे आठवताना बाईंनी सगळं साहेबांच्या माथी मारलं असतं, तर गोष्ट सोपी झाली असती. पण खरं असं की बारा मिनिटांच्या हिशेबानं त्या साडेचारला मोकळ्या होऊ लागल्या होत्या, गुडघ्यांना आराम होता, आणि चार पावलं जायचं, चार पावलं यायचं, तेही वाचलं होतं. ते त्यांना आवडू लागलं होतं.

त्याच हंगामात ठकी आली.

ठकी हे आईनं लाडानं ठेवलेलं नाव. आई शिंपीण. नवरा नव्हता, काय झालं ते तिनं सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. राहत्या खोलीतच मशीन होतं आणि मुलगी त्या मशीनच्या पायाशीच वाढली होती. ठकी आत आली ती दाराच्या चौकटीला खांदा घासत. खुर्चीवर बसली आणि कागदावर अशी वाकली की नाक पेन्सिलीला लागलं. बाईंनी हनुवटीखाली बोट घालून तिचं डोकं वर केलं, पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "ताठ बस बाळा." नमुन्यात तसंच होतं : मूल ताठ बसलेलं असावं. ठकी ताठ बसली आणि तिचा चौकोन उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. त्रिकोण तर कुणी पाय दिल्यासारखा. कात्री रेघ सोडून गेली ती परत आलीच नाही. चेंडू छातीवर आदळला, त्यानंतर हात पुढे आले.

मणी मात्र तिनं ओवले. दहाच्या दहा, डोळ्याला लावून लावून, बाईंनी त्या महिन्यात पाहिलेल्या कुठल्याही मुलापेक्षा भरभर. बाईंनी ते पाहिलं. एक क्षण पेन थांबलंही. जो हात सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दोरी घालतो, तो रेघ का सोडतो? पण बाहेर सात मुलं बसलेली होती, घड्याळात अकरा मिनिटं झाली होती, आणि शिंपिणीची पोर आहे, ओवायची सवय असेल, असं मनाचं समाधान करून बाईंनी शेरा लिहिला : हात आणि डोळा यांचा मेळ फार कमी. वेगळ्या वर्गाची शिफारस.

दोन महिन्यांचा घरचा अभ्यास नवीन हिशेबात बसत नव्हता. तोही गेला होता. आईनं इतकंच विचारलं होतं, वेगळा वर्ग म्हणजे चांगला ना? बाई म्हणाल्या होत्या, "तिच्यासाठी चांगला."

याला चार वर्षं झाली.

एका दुपारी बाई डबा उघडून बसल्या होत्या, तोच शिंपीण दारात येऊन उभी राहिली. सोबत नऊ वर्षांची मुलगी, डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा. बाईंनी मुलीला ओळखलं नाही, चष्म्याला ओळखलं. त्या काचा बघून त्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

शिंपिणीनं सगळं बसून, सावकाश सांगितलं. आवाज चढवला नाही, एक शब्द लागट बोलली नाही. तसं बोलली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. चष्म्याच्या दुकानाचा मालक कोट आखूड करून घ्यायला तिच्याकडे आला होता. ठकी सुई ओवत बसलेली, सुई डोळ्यात जाते की काय इतकी जवळ. त्यानं कोट तसाच टाकला, मुलीला दुकानात नेलं, एकामागून एक काचा लावल्या आणि आईला म्हणाला, या मुलीला हाताच्या पंजापलीकडचं काही दिसतच नाही, तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही? चष्मा आला त्या दिवशी ठकी खिडकीत उभी राहिली आणि समोरच्या घरातल्या बाईकडे बघून हात हलवू लागली. ती बाई गेली तीन वर्षं रोज हात हलवत होती आणि ही कधी उत्तर देत नाही म्हणून हिला शिष्ट म्हणत होती.

वेगळ्या वर्गाबद्दल शिंपीण तक्रार करत नव्हती. तिथल्या बाई मायाळू होत्या. पण वर्गातल्या सगळ्या मुलांचा हात-डोळ्यांचा मेळ कमी, म्हणून सगळ्यांना मणी ओवायला देत. ठकीनं चार वर्षं मणी ओवले. अक्षरं म्हणाल तर स्वतःच्या नावाची तेवढी.

आता शेजारची साधी शाळा तिला घ्यायला तयार होती. पण फाइलवर शेरा होता. शाळेनं सांगितलं, केंद्राकडून पत्र आणा, मग घेऊ. मात्र वयाची दहा पुरी व्हायच्या आत, त्यानंतर नियमात बसत नाही. ठकीला दहा पुरी व्हायला सात महिने होते.

"एक ओळ हवी आहे, बाई," शिंपीण म्हणाली. "बाकी काही नको."

बाई म्हणाल्या, "बघते."

हा शब्द बाईंनी आयुष्यभर कारकुनांच्या तोंडून ऐकला होता आणि त्याचा त्यांना तिटकारा होता. आज तोच त्यांच्या तोंडून निघाला, आणि इतका सहज निघाला की शिंपीण गेल्यावर त्यांनी डबा तसाच मिटून ठेवला.

दोन दिवस त्यांनी घरी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पत्र दिलंस का? बाई म्हणाल्या, ते तितकं सोपं नाही. त्या हंगामात आणि नंतरही, बटण न दाखवता तपासलेली कितीतरी मुलं आहेत, एकीचं लिहिलं की बाकीच्यांचं काय?

नवरा जेवायचा थांबला. "म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की काहीजण निसटणार."

बाई ताडकन उठल्या, ताट उचललं, नळाखाली धरलं. तुमचं बरं आहे, घड्याळ चुकलं तर परत उघडता येतं, असं त्या पाठमोऱ्याच बोलल्या. नवरा परत जेवू लागला. उत्तर द्यायची त्याला गरजच नव्हती, आणि हेच बाईंना जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई डबा बाजूला ठेवून दुपारच्या सुट्टीत कारकुनाकडून किल्ली घेऊ लागल्या. चार वर्षांच्या फाइली लोखंडी कपाटात गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या. अकरा दिवस त्यांनी मुलांचे कागद एकेक करून उजेडात धरले. त्यांना काय शोधायचं ते ठाऊक होतं : आकृती वाकडी, पण मणी दहापैकी दहा. कागदाच्या कडेला गाल किंवा नाक घासल्याचा पेन्सिलीचा काळा डाग. चेंडू एकदाही झेललेला नाही. अशा एकोणीस फाइली निघाल्या. एकोणीसही शेरे त्यांच्याच अक्षरात, वळणदार, मात्रा-वेलांट्या जागच्या जागी. त्यांतल्या फक्त ठकीच्या कागदावर डाग नव्हता. तिला बाईंनी ताठ बसवलं होतं.

एकोणीस फाइली छातीशी धरून बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी ऐकलं. चहा मागवला. मग गोड आवाजात म्हणाले, "बाई, उगाच जिवाला लावून घेऊ नका. त्या मुलीचं पत्र आजच देऊ. मी सांगतो तसं लिहा : मुलीची नव्याने तपासणी केली असता समाधानकारक प्रगती आढळली, सबब साध्या शाळेत घेण्यास हरकत नाही. झालं काम."

"प्रगती कसली, साहेब? तिला चार वर्षं दिसतच नव्हतं."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. शाळेला कागद हवा आहे."

"आणि या बाकीच्या अठरा?"

साहेबांनी चहाचा कप बाईंच्या दिशेनं सरकवला. म्हणाले, ज्यांना अडचण असेल ते येतील, तसंच त्यांनाही एकेक लिहून देऊ.

बाई उठल्या. इतक्या वर्षांत त्यांनी साहेबांच्या खोलीत चहा अर्धा टाकला नव्हता. त्या दिवशी तोंडही लावलं नाही. 'प्रगती' हा शब्द त्यांना खपत नव्हता. म्हणजे वेगळ्या वर्गानं तिला सुधारलं, असं लिहायचं. म्हणजे शेरा बरोबर होता, असं स्वतःच्या हातानं दुसऱ्यांदा लिहायचं. एकदा डोळ्यांवर कातडं ओढलं ते पुरे झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि त्या संध्याकाळी चार पानी पत्र लिहिलं. ठकीची तपासणी चुकीची होती. चूक माझी होती. नजर न तपासता शेरे दिले. अशी आणखी अठरा मुलं असावीत, यादी सोबत जोडली आहे, त्यांना तातडीनं बोलवावं. पत्राला आवक क्रमांक पडला. एक प्रत त्यांनी वरच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिली.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा नवऱ्यानं त्यांच्या ताटात त्यांना आवडणारी भाजी आपल्या वाटणीचीही वाढली. बाईंना चार वर्षांनी, किंवा किती वर्षांनी कोण जाणे, आपण सरळ आहोत असं वाटलं.

ती रात्र सुखाची गेली. पुढचे सात महिने नाही.

चूक हा शब्द कागदावर आला की कागद चालायचा थांबतो. वरच्या कार्यालयानं चौकशी बसवली. चौकशी बसली ती बसलीच. आधी बाईंचा खुलासा मागवला, मग साहेबांचा, मग नमुना कुणी ठरवला त्याचा. चौकशी पुरी होईपर्यंत यादीतल्या कुठल्याही मुलाच्या फाइलवर नवा शेरा देऊ नये, असा हुकूम आला. यादीत पहिलं नाव ठकीचं. साहेबांनी तो कागद बाईंना दाखवला आणि प्रामाणिकपणे म्हणाले की आता मलाही प्रगती लिहिता येत नाही, बाई. तुम्ही माझेही हात बांधलेत.

बाई कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. दर आठवड्याला कुणीतरी नवा माणूस त्यांना तेच सांगे. पाचव्या महिन्यात त्यांनी अर्ज केला की निदान ठकीचं नाव यादीतून वेगळं करा. अर्जाला उत्तर आलं की अर्ज मूळ प्रकरणाला जोडला आहे.

ठकीला दहा पुरी झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी चौकशीचा निकाल लागला.

निकाल बाईंच्या बाजूचा म्हणावा तर बाजूचा होता. यादीतल्या मुलांना बोलावणी गेली. अकरा आली, सहांना चष्मा लागला. एका बापानं दार उघडून पत्र परत केलं. म्हणाला, मुलाचा तिथे जीव रमलाय, आम्ही सगळं मनाला समजावून बसलोय, आता आम्हाला काही सांगू नका. चष्मा लागलेल्यांतली तीन मुलं दहाच्या आतली होती, ती साध्या शाळेत गेली. नमुन्यात एक पान वाढलं, त्यावर नजर तपासायची पद्धत छापली गेली, आणि ती समजावून सांगायला साहेबांना चार ठिकाणी भाषणाला बोलावलं. बाईंना निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, सही केली, आणि तडक शिंपिणीच्या घरी गेल्या.

शिंपीण कापड बेतत होती. बाईंनी सगळं सांगितलं. चार पानी पत्र, चौकशी, सहा चष्मे. सांगताना त्यांना जाणवलं की आपण कौतुकाची वाट बघतो आहोत, आणि त्या मध्येच थांबल्या.

शिंपिणीनं खडू खाली ठेवला. "साहेब प्रगती झाली असं लिहून देत होते, हे खरं का?"

कारकुनानं सांगितलं असावं. बाई हो म्हणाल्या.

"मग का नाही लिहिलंत?"

"ते खोटं होतं."

"मी तुमच्याकडे खरं मागायला आले नव्हते, बाई. एक ओळ मागायला आले होते." तिचा आवाज तेव्हाही चढला नाही. "चार वर्षांपूर्वी तुम्हाला घाई होती. या खेपेला घाई मला होती."

 बाईंनी एवढंच विचारलं, मी रोज येऊन तिला वाचायला शिकवू का? शिंपिणीनं खांदे उडवले आणि कात्री उचलली. ते होकारासारखंच होतं.

मग बाई रोज पाच वाजता जाऊ लागल्या. ठकीला शिकवायचं असं काही पडलंच नाही. दाखवलं की तिला येई. चौकोन तर ती बाईंपेक्षा चांगला काढायची. कापडावर कॉलर बेतणाऱ्या आईच्या हाताखाली वाढलेली ती. अक्षरं दोन महिन्यांत, जोडाक्षरं आणखी एकात, आणि वर्ष व्हायच्या आत ती वर्तमानपत्र वाचून आईला सांगू लागली. बाईंना एवढ्या वर्षांत असं मूल मिळालं नव्हतं. परत जाताना त्या हिशेब करत, ही वेळेवर शाळेत गेली असती तर आज कुठल्या वर्गात असती. हा हिशेब त्यांनी रोज केला, आणि उत्तर एकदाही वेगळं आलं नाही.

ठकी बोलायची कमी. धडा संपला की पुस्तक मिटून मशीनकडे जायची. बाईंनी एकदा तिच्या केसांवरून हात फिरवला, तर ती दूर झाली नाही, जवळही आली नाही. एके दिवशी वाचता वाचता तिनं मान वर केली आणि विचारलं, "तुम्ही रोज येता ते मला बरं वाटावं म्हणून, की तुम्हाला?"

आई मशीनवर होती. मशीन थांबलं नाही.

बाई म्हणाल्या, "दोघींना."

ठकीनं ओळीवर बोट ठेवलं. "मला येतं तेवढं पुरे झालंय," ती म्हणाली, आणि पुढची ओळ वाचू लागली. ठकी तेव्हा अकरा वर्षांची होती. बाई त्यानंतरही येत राहिल्या, कारण कुणी नको म्हटलं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी, शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात, त्या शिंपिणीकडे बसल्या असताना एक बाई शाळेच्या गणवेशाचं कापड घेऊन आली. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी, चष्मा लावलेली. चौकोनबाईंना बघताच ती आलेली बाई जवळजवळ धावलीच. हात हातात घेतले, मुलीला पाया पडायला लावलं. साध्या शाळेत गेलेल्या त्या तिघांतली ही मुलगी एक होती. वेगळ्या वर्गात होती हो, ती शिंपिणीला सांगू लागली, या बाईंनी स्वतःची नोकरी पणाला लावली म्हणून बाहेर निघाली; आता वर्गात दुसरी आलीय; असं माणूस बघायला मिळत नाही. तिला थांबताच येईना. बाई जमिनीकडे बघत राहिल्या. शिंपिणीनं गळ्यातली फीत काढली, मुलीला जवळ घेतलं, खांदा मोजला, बाही मोजली, आकडे सांगितले. ठकी वहीत आकडे लिहीत होती. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि गणवेश आता तीच बेतायची.

"तुमची मुलगी कितवीत?" त्या बाईनं निघताना सहज विचारलं.

"मला मदत करते," शिंपीण म्हणाली.

ती गेल्यावर ठकीनं कापड मेजावर पसरलं, सुरकुत्या हातानं सारख्या केल्या, मापं लावली. बाईंनी पुस्तक उघडलं होतं, त्या पान शोधत होत्या.

"उद्यापासून येऊ नका," ठकी कापडावरून नजर न काढता म्हणाली. रागानं नाही, दुकान बंद आहे असं सांगावं तसं. "मला वाचता येतं आता."

बाईंनी शिंपिणीकडे बघितलं. शिंपीण दोरा बदलत होती. बाईंनी पुस्तक तिथेच ठेवलं, चपला घातल्या आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पाचला त्या सवयीनं बाहेर पडल्या, कोपऱ्यापर्यंत गेल्या, तिथे काही वेळ उभ्या राहिल्या आणि पिशवीभर भाजी घेऊन परत फिरल्या. नवरा उंबऱ्याशी बसून कुणाच्या तरी घड्याळाचा पट्टा बदलत होता. त्यानं विचारलं, आज लवकर?

"तिला वाचता येतं आता," बाई म्हणाल्या, आणि भाजी निवडायला बसल्या.